रुमालाखालचा भाव

सकाळी सव्वानऊला टीव्हीवरचा माणूस
टाय सारखा करतो आणि ओरडायला लागतो.
मी भाकरी थापत असते.
त्याचा आवाज बंद. खालून पळणारी पट्टी तेवढी वाचते,
हिरवी, तांबडी, परत तांबडी.
हाताला पीठ, म्हणून रिमोटला दुधाची रिकामी पिशवी.

अण्णा वडगावच्या बाजारात हेडी होते.
मी आठ वर्षांची, पेंडीच्या पोत्यावर बसून बघायची.
मला वाटायचं, जो मोठ्यानं बोलतो तो भाव ठरवतो.
अण्णा म्हणाले, "तोंडाकडं बघू नगंस. रुमालाकडं बघ."
दोन माणसं, एक रुमाल, आत बोटं.
व्यवहार तिथं चाललेला, गप्पगार.
"शिंगं रंगवत्यात गं. दात रंगवता येत न्हाईत.
आन् मालकाला कशाला इचारतीस?
वैरण घालणाऱ्या पोराला इचार."

एवढं ऐकूनसुद्धा
पन्नाशीत मी ताराबाई पार्कातल्या हॉटेलात गेले,
रविवारी, गुंतवणुकीच्या मार्गदर्शनाला.
श्रीखंड-पुरी फुकट होती.
सुटातला पोरगा पडद्यावर रेघ दाखवत होता,
रेघ वर जात होती,
आम्ही सगळे वाटी चाटत वर बघत होतो.
भाच्याच्या ग्रुपवर त्याच कंपनीपुढं तीन रॉकेटं.
गोकुळ शिरगावची कंपनी, कास्टिंगची,
म्हणजे आपलीच की!
साठ हजार घातले. ह्यांना चाळीस सांगितले.

कंपनीच्या गेटासमोर मुबारकचा चहाचा गाडा.
नणंदेकडं जाताना मी तिथं थांबते.
तो एकदा सहज बोलला,
"वैनी, किटली बदलली बगा. बारकी घेतली.
रातपाळीला शंभर कप जायचे, आता चाळीसवर आलंय."
मी म्हटलं, "असं होय,"
आणि साखर जास्त झालीय म्हणून कुरकुरले.
त्याच आठवड्यात टायवाला म्हणाला, ऑर्डरी भक्कम आहेत.
मी त्याचं खरं धरलं.
त्याच्याकडं टाय होता.

पुढचं सांगत नाही. साठाचे बावीस झाले.

मग एका रात्री, सगळे झोपल्यावर,
कंपनीचा वार्षिक अहवाल उघडला. दोनशे बारा पानं.
पुढच्या पानांवर मालक हसत होते,
झाड लावत होते, पोरींना सायकली देत होते.
मी मागून वाचायला घेतला,
मुबारकच्या घरी उर्दू वाचतात तसा.
बारीक अक्षरातली अडतिसावी टीप:
गिऱ्हाइकांकडून येणं, सहा महिन्यांच्या वरचं.
गेल्या वर्षीच्या तिप्पट.
खाली मालकाच्या मेव्हण्याच्या फर्मला दिलेलं कर्ज, बिनव्याजी.

मी चष्मा काढला.
अठरा वर्षं उद्यमनगरात
लोकांची थकलेली येणी वहीत चढवणारी बाई मी.
हे तर मला येत होतं.
हेच एक येत होतं.
कुणी मला रेघ दाखवली आणि मी रेघ बघत बसले.

आता ग्रुप सोडलाय. भाचा रुसलाय.
रात्री दोन पानं वाचते, बाराखडी गिरवल्यासारखी,
अडलं की वहीत लिहून ठेवते.
सगळं कळतं असं नाही.
गेल्या दिवाळीत टीप नीट वाचूनसुद्धा चुकले,
पण ती चूक माझ्या हातची होती,
जळकी भाकरी आपणच खातो, तशी खाल्ली.

परवा मुबारक गाळणं झटकत म्हणाला,
"वैनी, तुमी लई वाचता म्हणं.
मलाबी एक चांगला शेअर सांगा की."
माझी मान आपोआप इकडं तिकडं वळली,
कुणी ऐकत नाही ना, बघायला,
अगदी त्या सुटातल्या पोरासारखी.
लाज वाटली.

मी विचारलं, "किटली कुठली हाय आज?"
तो हसला.
"मोठीच काढलीया परत. आठ दिस झाले."

दुसरा कप घेतला. साखर जास्तच होती.
नणंदेला फोन केला, उशीर होईल म्हणून.
पाळी सुटायचा भोंगा झाला
आणि मी गाड्याआड उभी राहून
गेटातून बाहेर येणारी डोकी
मोजायला लागले.